सुटलेलं गाणं पुन्हा धरताना

वीस-पंचवीस वर्षांनी गायला बसलं की पहिली चूक होते ती पट्टीची, म्हणजे सा कुठे धरायचा याची. हात सवयीने पेटीच्या जुन्याच ‘काळी चार’ पट्टीवर जातो. गळा मात्र बदललेला असतो. रजोनिवृत्तीनंतर स्त्रियांचा आवाज बहुधा खाली उतरतो. पुरुषांचा उतारवयात कधीकधी किंचित वर जातो. मंद्र (खालच्या सप्तकातला) पंचम न विरता आणि तार (वरच्या सप्तकातला) गंधार मानेच्या शिरा न ताणता लागतो, ती तुमची आजची पट्टी. ती पांढरी चार निघो वा काळी दोन, तीच धरा. यात कमीपणा अजिबात नाही.

रियाज रोज दोनदा, 15-15 मिनिटं. रविवारी सलग दोन तास गाऊन सोमवारी घसा बसतो, एवढंच होतं. आधी मंद्रात ‘आ’कार, प्रत्येक स्वर 8 सेकंद. शेवटी सूर उतरू लागला तर दम संपला असं समजा. दाबून ताणण्यापेक्षा 6 सेकंदांवर थांबा. मग अलंकार (स्वरांचे पलटे), मिनिटाला 60 मात्रांच्या लयीत मात्रेला दोन स्वर. सलग तीनदा स्वच्छ आले की लय 5 ने वाढवा.

तानांची घाई नको. डोक्यातली तान अजून जुन्याच वेगाने धावते, गळा मागे राहतो, मग माणूस ती जबड्याने काढू लागतो. ही खोड एकदा लागली की सुटता सुटत नाही.

सारखं खाकरू नका, त्याने स्वरतंतू एकमेकांवर आपटतात. घोटभर पाणी प्या. सर्दी-ॲलर्जीच्या काही गोळ्यांनी घसा कोरडा पडतो. श्रवणयंत्र बोलणं ऐकण्यासाठी जुळवलेलं असतं, त्यातून तानपुरा बेसूर वाटू शकतो. संगीतासाठी वेगळं सेटिंग करून घ्या. आवाज तीन आठवडे बसलेलाच राहिला तर कान-नाक-घसा तज्ज्ञांना दाखवा.

पहिल्या कार्यक्रमात 15 मिनिटंच गा. अतिविलंबित (फार संथ) एकतालाचं एक आवर्तनच मिनिटभर चालतं, म्हणून मध्यलय तीनतालातली बंदीश बरी. शब्द सुटतात ते बहुधा अंतऱ्यात, म्हणजे बंदिशीच्या दुसऱ्या भागात, कारण घोकंपट्टी नेहमी सुरुवातीच्या मुखड्यापासून झालेली असते. म्हणून आठवडाभर थेट अंतऱ्यापासूनच सुरुवात करा. गुडघे दुखत असतील तर खुर्चीवर बसा, पाठ न टेकता. आणि नवी पट्टी तबलजींना आठ दिवस आधी कळवा: फार उतरवलेल्या तबल्याच्या वाद्या (चामडी पट्ट्या) ढिल्या पडून नाद मरतो, त्यांना त्या पट्टीचा तबला आणावा लागेल.