वर्षाचा आढावा आणि नवे संकल्प : या चुका टाळा

गेली बारा-तेरा वर्षे डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात चार-पाच ओळखीची माणसे आपापल्या वह्या घेऊन माझ्याकडे येतात. सरलेल्या वर्षाचा आढावा घ्यायचा आणि पुढच्या वर्षाची उद्दिष्टे ठरवायची, एवढेच काम असते. दरवर्षी त्याच चुका नव्याने होतात आणि त्यांच्यापायी चांगली, कष्टाळू माणसे फेब्रुवारीतच स्वतःविषयी हताश झालेली पाहावी लागतात, म्हणून हे सविस्तर लिहीत आहे.

आठवणीच्या भरवशावर घेतलेला आढावा

‘वर्ष कसे गेले?’ असे विचारले की बहुतेक जण शेवटच्या दीड-दोन महिन्यांचे उत्तर देतात. मानसशास्त्रज्ञ डॅनियल कानेमान आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. त्यात लोकांना एकदा १४ अंश सेल्सियसच्या पाण्यात ६० सेकंद हात ठेवायला सांगितले आणि एकदा तेच ६० सेकंद संपल्यावर आणखी ३० सेकंद ठेवायला सांगितले. या वाढीव वेळात पाणी हळूहळू १५ अंशांपर्यंत आणले होते. पुन्हा करायचे झाल्यास कोणता अनुभव घ्याल, असे विचारल्यावर बहुतेकांनी जास्त वेळ चाललेला त्रास निवडला, कारण त्याचा शेवट जरा सुसह्य होता. वर्षाचा शेवट वाईट गेला असेल, तर हेच उलट्या दिशेने घडते आणि दहा चांगले महिने हिशेबातून निसटतात.

मला हा धडा महागात पडला. एका डिसेंबरात मी वहीत ‘यंदा वाचन झालेच नाही’ असे लिहिले आणि त्याच तिरमिरीत, दोन मित्रांबरोबर एक रविवार आड भरणारी आमची वाचनाची बैठक बंद करावी, असे मीच सुचवले. मार्चमध्ये एक जुनी पावती शोधताना मागल्या वर्षाची दैनंदिनी हाती लागली. फेब्रुवारीपासून ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत रविवारच्या चौकटींत निळ्या शाईने लहानसा ‘वा’ काढलेला होता आणि त्याखाली पुस्तकाचे नाव व पान क्रमांक होता. मी ते ‘वा’ मोजले, सोळा भरले. त्यानंतरच्या रविवारी दवाखान्यातल्या भेटीच्या वेळा लिहिल्या होत्या, कारण आईची शस्त्रक्रिया झाली होती. वाचन झाले होते आणि ते थांबले, तेही योग्य कारणासाठी. बैठक पुन्हा सुरू करावी म्हणून फोन केले, तेव्हा एका मित्राची दुसऱ्या गावी बदली झालेली होती आणि दुसऱ्याने रविवारी शिकवण्या घ्यायला सुरुवात केली होती. ती बैठक पुन्हा भरली नाही.

तेव्हापासून माझी सवय अशी आहे की, पहिल्या दिवशी मी मत म्हणून एक शब्दही लिहीत नाही. दैनंदिनी, बँकेचे खातेउतारे, मोबाइलमधले फोटो आणि पाठवलेले संदेश समोर ठेवतो, प्रत्येक महिन्याला अर्धे पान देतो आणि काय केले, काय थांबले आणि माझ्या हातात नसलेले काय घडले, एवढेच टिपतो. याला तीन तास लागतात. चांगले-वाईट ठरवायला दुसऱ्या दिवशी बसतो. वीस तयार प्रश्नांचा छापील तक्ता अर्ध्या तासात भरून मोकळे होणाऱ्यांविषयी मला काळजी वाटते, कारण त्या तक्त्यात उतरतो तो त्या दिवशीचा मूड.

वेळ न मोजता आखलेले संकल्प

उतावीळपणा इथे सर्वांत जास्त नडतो. एका तरुण सहकाऱ्याने मागे आणलेल्या यादीत व्यायाम, परीक्षेचा अभ्यास, नवी भाषा, ध्यान आणि लेखन अशा पाच गोष्टी होत्या आणि प्रत्येकीला रोजचा वेळ दिलेला होता. बेरीज पावणेपाच तासांची झाली. मी त्याला गेल्या महिन्यातला कोणताही एक मंगळवार उठल्यापासून झोपेपर्यंत लिहून काढायला सांगितले, तेव्हा त्यातून मोकळी अशी पन्नासच मिनिटे निघाली. तरीही ‘या वेळी मनापासून करणार आहे’ म्हणून त्याने यादी तशीच ठेवली आणि तिसऱ्या आठवड्यात सगळेच सोडले. त्याच्या मनात खोट नव्हती, फक्त एवढ्या कामांना दिवसात जागा नव्हती.

स्वतःच्या कामाला लागणाऱ्या वेळेचा अंदाज आपण बहुतेकदा कमी धरतो. १९९४ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात विद्यार्थ्यांनी आपला प्रबंध सरासरी ३४ दिवसांत पूर्ण होईल, असे सांगितले होते. सगळेच बिनसले तर ४९ दिवस लागतील, असा त्यांचा अंदाज होता आणि प्रत्यक्षात सुमारे ५६ दिवस लागले. म्हणून मी उद्दिष्ट ठरवताना मागल्या वर्षाच्या नोंदीतला खरा आकडा घेतो आणि त्यात थोडीच भर घालतो. जो वर्षभरात वीस वेळा पोहायला गेला, त्याने ‘रोज’ हा शब्द लिहू नये, महिन्यातून दोनदा लिहावे. दर तिमाहीत दोन आठवडे कोरे सोडावेत, कारण आजारपण आणि पाहुणे विचारून येत नाहीत.

आणखी काही चुका

‘एकवीस दिवसांत सवय लागते’ यावर विसंबू नका. लंडनमध्ये ९६ जणांवर झालेल्या अभ्यासात हा काळ साधारण ६६ दिवसांचा निघाला आणि माणसागणिक तो १८ ते २५४ दिवस इतका बदलत होता. एखादा दिवस चुकल्याने सवय मोडत नाही, असेही त्याच अभ्यासात दिसले. तेव्हा एका खाड्यासाठी संकल्प सोडू नका.

बढती, पुरस्कार, इतरांची पसंती या गोष्टी दुसऱ्यांच्या हातात असतात. त्यांना उद्दिष्ट म्हणू नका, त्यांच्यासाठी आपण करायचे काम लिहा.

‘तब्येतीकडे लक्ष देणे’ हे उद्दिष्ट नव्हे. कधी, कुठे आणि किती वेळ, हे लिहिल्याशिवाय पेन खाली ठेवू नका.

तो तरुण सहकारी यंदा पुन्हा आला होता. या वेळी त्याच्या पानावर एकच ओळ आहे : मंगळवार आणि शुक्रवार, रात्रीच्या जेवणाआधी चाळीस मिनिटे, परीक्षेचा अभ्यास. त्याखाली त्याने बावन्न चौकटी आखल्या आहेत आणि कार्यालयात कामाचा जोर असतो त्या आठ आठवड्यांवर आधीच तिरप्या रेघा ओढून ठेवल्या आहेत.