"तारण म्हंजे सोसायटीतलं का, भाऊ?"

बायबलचं शिक्षण संपवून यवतमाळ जिल्ह्यातल्या एका गावी सेवेला आलो, तेव्हा माझ्यापाशी पत्रकांचा गठ्ठा होता आणि चर्चमधली मराठी. पहिल्याच संध्याकाळी पारावर 'तारणा'बद्दल, म्हणजे पापातून सुटकेबद्दल, बोललो. एका म्हाताऱ्या कास्तकारानं सगळं ऐकून घेतलं नि विचारलं, "तारण म्हंजे सोसायटीतलं का, भाऊ? माहं वावर त आधीच तारण हाय." पार हसला.

या सेवेत नव्यानं येणाऱ्यांनो, पहिलं वर्ष पत्रकं पिशवीतच राहू द्या. लोकांच्या वावरात जा. पेरणीच्या दिवसांत कुणाला बोलायला सवड नसते, दसऱ्यानंतर कापसाची वेचणी लागते. मी तेव्हाच जायचो. बोंडातला कापूस ओढताना बोटं सोलतात, मग बाया स्वतःहून विचारतात, "तुम्ही कायचं काम करता, बापा?" बोलणं तिथून सुरू होतं.

सभेची वेळही मी चुकवलीच. रविवारी सकाळी दहा! आमच्याकडे रविवारीच आठवडी बाजार. दोन महिने रिकाम्या सतरंजीसमोर प्रार्थना केली. आता गुरुवारी, रात्रीच्या जेवणानंतर बसतो.

पैशांच्या बाबतीत फार जपा. मी एकाला औषधासाठी पाचशे रुपये दिले आणि गावात बोभाटा झाला की धर्म विकत घेतला जातोय. मदत करायचीच तर सगळ्यांना दिसेल अशी, आणि देवाच्या वचनाशी तिची सांगड घालू नका.

बाप्तिस्म्याची घाईही नको. कवी ना. वा. टिळकांना राजनांदगावला जाताना आगगाडीत एका गोऱ्या सहप्रवाशानं नवा करार दिला, त्यांचा बाप्तिस्मा झाला १८९५ साली, मुंबईत. मधला काळ वाचण्याचा, पत्रव्यवहाराचा, स्वतःशी झगडण्याचा. पुढे १९१७ मध्ये त्यांनी साताऱ्याला 'देवाचा दरबार' हा ख्रिस्तभक्तांचा मेळा उभा केला, त्यात बाप्तिस्मा न घेतलेल्या शिष्यांनाही जागा होती. आमच्या चर्चच्या मंडळ्या मात्र अजून बाप्तिस्म्यांचे आकडे मोजतात. मला ते पटत नाही.

शिष्य करायचे तर एक-दोघेच धरा. मी एका नवरा-बायकोबरोबर मार्काचं शुभवर्तमान वाचलं, आठवड्याला एक अध्याय, सोळा अध्याय. प्रवचन नाही. वाचायचं, मग त्यांनी आपल्या बोलीत सांगायचं. प्रेषित पौलानं आपल्या तरुण सहकाऱ्याला, तीमथ्याला, हेच लिहिलं होतं: ऐकलेलं विश्वासू माणसांना सोपव, म्हणजे ते इतरांना शिकवतील.

चौथ्या अध्यायात गाडी अडली. येशूनं सांगितलेला पेरणाऱ्याचा दृष्टांत ऐकून नवरा म्हणाला, "वाटेवर बी कोन फेकते, जी? येडा होता का?" मला सेमिनरीतली उत्तरं आठवेनात. पुढच्या गुरुवारी त्यानं साळ्याला सोबत आणलं होतं. ओसरीवर बसून तो त्याला सांगत होता, "फेकलं नाई रे. तिफन वावरात नेता नेता धुऱ्यावर सांडलं." मी कंदिलाची वात वर केली आणि गप्प बसलो.