समुद्रपक्ष्यांच्या महोत्सवाला जाताना: नागपूरकरांसाठी तयारी

सराव इथेच करा. आठवडाभर आधी गोरेवाडा किंवा अंबाझरीवर जाऊन दुर्बीण मुलांच्या डोळ्यांना जुळवून घ्या. 8x42 (8 पट मोठं दाखवणारी, 42 मिमी भिंगाची) पुरेशी, 10 पट वाढवणारी लहान हातांत थरथरते. दोन्ही नळ्या दुमडत न्या, दोन गोलांचा एक गोल दिसला की थांबा. मग उजवा डोळा मिटून मधल्या चाकाने डाव्या डोळ्यापुरतं चित्र स्पष्ट करा. नंतर डावा मिटून उजव्या नळीवरची कडी फिरवा. ही कडी राहून जाते, म्हणूनच मुलं "काहीच दिसत नाही" म्हणतात.

आपल्या तलावावर पहाटे गेलं की झालं. खाडीवर मात्र घड्याळ भरतीचं. ती रोज साधारण 50 मिनिटं उशिरा येते, म्हणून कालची वेळ आज धरू नका. भरतीच्या दोन-अडीच तास आधी पोहोचा. पाणी चढतं तसे तुतवार, चिखल्या हे चिखलात चरणारे छोटे पक्षी आणि रोहित (फ्लेमिंगो) काठाकडे सरकतात. ओहोटीत ते दूरचे नुसते ठिपके. नवी मुंबईतल्या ऐरोलीच्या बाजूने ठाणे खाडी बघायची तर सकाळच बरी, ऊन पाठीशी राहतं.

चिखलात अजिबात उतरू नका, पाय रुततो. पक्ष्याने चरणं थांबवून मान उंचावली, तर दोन पावलं मागे या.

भिंगावर खारे थेंब वाळले तर कोरडं पुसू नका, मिठाचे कण ओरखडे पाडतात. आधी मऊ ब्रशने झटका, मग किंचित ओल्या कापडाने टिपा.