‘जनरेटर रेझ्ड स्टॉपइटरेशन’ ही रनटाइमएरर अशी गेली

पायथन ३.६ वर बिनतक्रार चालणारा जनरेटर (मागेल तसं एकेक मूल्य देणारं फंक्शन) ३.७ वर फाइल संपता संपता ‘रनटाइमएरर: जनरेटर रेझ्ड स्टॉपइटरेशन’ देऊन कोसळू लागला. आत साधा व्हाइल लूप: नेक्स्टने (पुढची ओळ मागणारं फंक्शन; ओळी संपल्या की ते स्टॉपइटरेशन उठवतं) एका ओळीतून नाव घ्यायचं, पुढच्या ओळीतून किंमत, मग जोडी यील्ड, म्हणजे बाहेर द्यायची.

बाहेरच्या फॉर लूपभोवती ट्राय (चूक पकडणारा ब्लॉक) लावून स्टॉपइटरेशन पकडून पाहिलं, उपयोग शून्य. रनटाइमएरर पकडली तर खरे दोषही दडपले जायला लागले. दोन संध्याकाळी यातच गेल्या, फार वैताग आला.

कारण पेप ४७९ (पायथनमधल्या बदलाचा अधिकृत प्रस्ताव): ३.७ पासून जनरेटरच्या आतून निसटलेलं स्टॉपइटरेशन रनटाइमएरर बनूनच बाहेर येतं.

आधी ट्रेसबॅकचा (चूक कुठून आली ते दाखवणाऱ्या मजकुराचा) वरचा भाग वाचा. नेमकी नेक्स्टची ओळ तिथे दिसते. मग फक्त तीच ओळ ट्रायमध्ये घ्या, खाली ‘एक्सेप्ट स्टॉपइटरेशन’ आणि त्यात नुसतं रिटर्न. यील्ड ट्रायच्या बाहेरच राहू द्या. शेवटी, कुठे हाताने ‘रेझ स्टॉपइटरेशन’ लिहिलं असेल तर तिथेही रिटर्न.

किंमतीच्या नेक्स्टला मात्र मी वेगळा ट्राय दिला आणि तिथे व्हॅल्यूएरर उठवली. तेव्हा कळलं, एका फाइलीत शेवटच्या नावाला किंमतच नव्हती. जुना कोड ते नाव गुपचूप गिळत होता.