सिगारेट उंबऱ्याबाहेर: लहान मुलं असलेलं घर आणि गाडी धूरमुक्त कशी ठेवावी

सिगारेट पूर्ण सुटायला वेळ लागू शकतो, पण घरात आणि गाडीत ओढणं आजच बंद करता येतं. नवजात बाळ मिनिटाला ३० ते ६० श्वास घेतं, मोठा माणूस १२ ते २०. धूर झाला म्हणून बाळाला उठून बाहेरही जाता येत नाही. पुन्हापुन्हा कान फुटणं, दमा, न्यूमोनिया, झोपेत अचानक दगावणं, या सगळ्याचा धोका त्या धुरामुळे वाढतो.

आधी घरातल्या सगळ्यांनी मिळून एकच नियम ठरवा: छताखाली कोणी, कधीही ओढायचं नाही. यात पळवाट ठेवली की नियम गेलाच. मूल शाळेत गेल्यावर ओढलं तरी धूर तासन्‌तास खोलीत रेंगाळतो. खिडकीशी उभं राहिलं तर वारा तो आत ढकलतो. संडासातला एक्झॉस्ट फॅन लावला तरी दाराखालच्या फटीतून तो बाहेर येतोच. एअर प्युरिफायरचा हेपा फिल्टर कण अडवतो, वायू अडवत नाही. डोळ्यांवर विसंबू नका, धुराचा बराचसा भाग दिसतच नाही.

व्हेपलाही, म्हणजे ई-सिगारेटलाही, हाच नियम. तिच्यातून निघते ती पाण्याची वाफ नव्हे. प्रॉपिलीन ग्लायकॉल आणि ग्लिसरीनचे बारीक थेंब, त्यांत निकोटिन आणि आतल्या तापणाऱ्या तारेतून (कॉइल) सुटणारे धातूंचे अंश असतात. सिगारेटच्या धुरापेक्षा विषारी द्रव्यं कमी, हे खरं. पण बाळाने ती तरी का ओढून घ्यावीत?

मग बाहेरची जागा पक्की करा: दार-खिडक्यांपासून दहा-बारा पावलं दूर. बाल्कनी नको. तिथे वाळू घातलेला झाकणाचा डबा ठेवा आणि घरातले ॲशट्रे टाकून द्या, ते दिसले की पाहुणेही पेटवतात. ओढताना घालायचा एक जुना पूर्ण बाह्यांचा शर्ट दाराबाहेर टांगा. शेवटच्या झुरक्यानंतरही काही वेळ श्वासातून धूर निघत असतो, म्हणून दहा मिनिटं बाहेरच थांबा. मग शर्ट काढा, हात-तोंड साबणाने धुवा, चूळ भरा आणि मगच बाळाला उचला. आईवडिलांपैकी कोणीही ओढत असेल, अगदी बाहेर जाऊन ओढत असेल तरी, तान्ह्याला आपल्या अंथरुणात झोपवू नका. त्याच खोलीत, पण वेगळ्या पाळण्यात झोपवा.

गाडीत हवा इतकी थोडी असते की एका सिगारेटने ती भरून जाते, काच खाली केली तरी. इंग्लंड आणि वेल्समध्ये १ ऑक्टोबर २०१५ पासून १८ वर्षांखालचं कोणी गाडीत असेल तर ओढायला कायद्याने बंदी आहे, खिडकी उघडी असली तरीही. पाकीट आणि लायटर डिकीत टाका, म्हणजे हात सवयीने तिकडे जाणार नाही. लांबच्या प्रवासात दर दोन तासांनी थांबा आणि गाडीपासून लांब जाऊन ओढा.

नियम मोडतो तो बहुतेक रात्री, बाळ कुशीत असताना तल्लफ आली की. तल्लफ काही मिनिटांतच ओसरते, तेवढ्यासाठी निकोटिनचं च्युइंगगम जवळ ठेवा. उठल्यापासून अर्ध्या तासाच्या आत पहिली सिगारेट लागत असेल तर ४ मिलिग्रॅम, नाहीतर २. साध्या च्युइंगगमसारखं सतत चघळलं तर निकोटिन पोटात जातं आणि मळमळतं. तोंडात चुरचुरलं की ते गालात दाबून ठेवा, चुरचुर थांबली की पुन्हा चावा. आधीची १५ मिनिटं कॉफी किंवा फळांचा रस नको. गरोदरपणात किंवा हृदयविकार असेल तर आधी डॉक्टरांना विचारा.

घरात आणि गाडीत बसलेला धुराचा जुना थर काढायलाच हवा. पांढरं ओलं फडकं खिडकीच्या काचेवर आतून फिरवा. ते पिवळसर निघालं तर तोच थर भिंती-पडद्यांवरही आहे, आणि रांगणारं मूल तो हातांवरून तोंडात नेतं. पडदे, चादरी, मऊ खेळणी धुवा. भिंती साबणाच्या पाण्याने पुसा, आधी रंग मारलात तर डाग वर येतात. गाडीच्या सीट आणि छताचं कापड व्हॅक्यूम करा, केबिन फिल्टर बदला.

थोटकं, वापरलेले निकोटिन पॅच आणि विशेषतः व्हेपचं लिक्विड कुलपात ठेवा. लहान मुलाला त्याचे थोडेसे घोटही जिवावर बेतू शकतात. पोटात गेलं असेल तर उलटी करवू नका. बाटली सोबत घ्या आणि तडक रुग्णालय गाठा. अंगावर सांडलं असेल तर कपडे उतरवून कातडी भरपूर पाण्याने धुवा.