नागपूरहून गोव्याच्या लग्नाला: कॅमेऱ्याची बॅग भरताना

आमच्या वरोरा तालुक्यातली पोरं नोकरीला पुण्यात नाहीतर बंगळुरात, आणि लग्न मात्र थेट गोव्यात. फोटो काढायला गावचाच माणूस लागतो, कारण कोणती आत्या कोणत्या काकाशी बोलत नाही हे त्यालाच ठाऊक असतं. पार्टी तिकीट काढून देते, बयाणा मिळतो, आणि मग निघायच्या आदल्या रात्री घरभर वायरी पसरतात. हा पसारा तीन दिवस आधीच घाला. कॅमेरे, लेन्स, फ्लॅश, चार्जर, अगदी लेन्सची झाकणंसुद्धा अंगणातल्या बाजेवर मांडा आणि मोबाईलने वरून एक फोटो काढा. परतीच्या दिवशी हॉटेलच्या पलंगावर तसंच मांडून याच फोटोशी जुळवायचं. बॉडी आणि लेन्सचे सिरीयल नंबर, खरेदीची बिलं यांचेही फोटो सोबत ठेवा. लग्न दुबईला किंवा बँकॉकला असेल तर देश सोडण्याआधी विमानतळावरच्या कस्टम्सकडून एक्स्पोर्ट सर्टिफिकेट घ्यायचं, म्हणजे परतताना ‘हा कॅमेरा तिकडून आणला का’ हा प्रश्न तिथेच मिटतो.

मग वजन. देशातल्या साध्या तिकिटावर बहुतेक वेळा हातात 7 किलो आणि चेक-इनला 15 किलो चालतं, तरी आपल्या तिकिटावर काय छापलंय ते वाचाच. आमच्याकडे वेचणीचा कापूस मोजायचा लटकता काटा आहे. पहिल्या खेपेला कॅमेऱ्याची बॅग त्याला अडकवून लिंबाच्या फांदीला टांगली, तर काटा 9.4 वर. आई ओसरीवरून म्हणाली, “नऊ किलो तं बाई न्याहारीच्या आधी येचते, अन् तू यालेच रडून रायला?” मग रिकामी बॅग टांगली. ती एकटीच 2.6 किलो! जाड गादीची, चार बकलांची, दुकानदाराने कौतुकाने गळ्यात मारलेली. आता मी साधी कॉलेजची सॅक वापरतो, आत फक्त कप्प्यांची गादी. दोन्ही मिळून 1.1 किलो. दोन बॉडी दीड किलो, 24-70 ची लेन्स सुमारे 900 ग्रॅम, 70-200 ची दीड किलो, 35 ची लेन्स अर्धा किलो, दोन फ्लॅश एक किलो, बॅटऱ्या-कार्डं अर्धा किलो. काटा बरोबर सातवर येतो. उरलेले चार्जर, वायरी आणि पेचकस चेक-इनला.

ज्याच्यावाचून उद्याची हळद अडेल ते हातात आणि बाकीचं विमानाच्या पोटात, एवढाच माझा हिशोब. स्टँड, ट्रायपॉड, सॉफ्टबॉक्स हरवले तरी गोव्यात भाड्याने मिळतात, म्हणून ते जुन्या गोधडीत गुंडाळून मोठ्या बॅगेत घाला, ट्रायपॉडचं डोकं काढून कपड्यांत दाबा. सोबत मदतीला पोरगा असेल तर दोन्ही बॉडी एकाच बॅगेत ठेवू नका. त्याच्याही हातात सात किलो चालतात, एक कॅमेरा आणि एक लेन्स त्याच्याकडे. लॅपटॉपची वेगळी पिशवी चालेल का, हे कंपनीगणिक बदलतं.

बॅटऱ्यांपाशी सगळ्यात जास्त गोंधळ होतो, म्हणून त्या स्वतः भरा, पोराच्या हाती सोडू नका. सुट्या लिथियम बॅटऱ्या आणि पॉवर बँक चेक-इनला चालतच नाहीत, कारण विमानाच्या पोटातल्या सामानात आग लागली तर ती कोणाला दिसत नाही. हातातल्या बॅगेत धूर निघाला तर निदान विझवता तरी येते. मर्यादा वॅट-अवरमध्ये मोजतात. बॅटरीवर ते छापलेलं नसेल तर व्होल्टला अँपिअर-अवरने गुणा. कॅमेऱ्याची 7.2 व्होल्ट, 2280 मिलीअँपिअर-अवरची (म्हणजे 2.28 अँपिअर-अवरची) बॅटरी म्हणजे 16.4 वॅट-अवर. बाहेरच्या फ्लॅशची 14.4 व्होल्ट, 2900 वाली म्हणजे साधारण 42. 20,000 मिलीअँपिअर-अवरची पॉवर बँक 3.7 व्होल्टने 74. शंभर वॅट-अवरपर्यंत काही अडचण नाही, 100 ते 160 मध्ये विमान कंपनीची आधी परवानगी लागते आणि अशा सुट्या दोनच नेता येतात, त्यापुढे विसरा. म्हणजे 30,000 मिलीअँपिअर-अवरची स्वस्तातली पॉवर बँक (111 वॅट-अवर) घरीच ठेवा. छापील अक्षरं घासून गेलेलीही नेऊ नका, तिथे कोणी तुमचं गणित ऐकत नाही. प्रत्येक बॅटरीच्या पितळी टोकांवर चिकटपट्टी लावून प्लास्टिकच्या डबीत ठेवा. माझी एक पॉवर बँक एकदा स्वेटरच्या घडीत चेक-इनला गेली. गेटवर बसलो असताना नाव पुकारलं, मागे जाऊन सगळ्यांसमोर बॅग उपसावी लागली, आणि सगळ्यात वर आईने दिलेले शंकरपाळे. ड्रोनचंही असंच: यंत्र चेक-इनला, बॅटऱ्या हातात, आणि कंपनीला आधी फोन.

लग्नवाल्यांसाठी एक वेगळी सूचना. रंगीत धुराचे डबे आणि वरातीच्या फुलबाज्या कोणत्याच बॅगेत नको. लागल्याच तर तिथे विकत घ्या. आणि नवरीची मावशी “एवढं तेवढं ने ना भाऊ” म्हणून पूजेच्या सुक्या खोबऱ्याच्या वाट्या देते, त्या हात जोडून परत करा. सुकं खोबरं तेलामुळे पेट घेणारं म्हणून विमानात नाकारतात. भिवापुरी तिखटाची पुडी हातातल्या बॅगेत नको.

रस्त्याचा हिशोब मोठा धरा. वरोऱ्याहून जाम, बुटीबोरी करत नागपूरचं विमानतळ शंभरेक किलोमीटर. विमानतळ वर्धा रोडच्या बाजूला असल्यामुळे शहरात शिरावं लागत नाही, पण बुटीबोरीला ट्रक अडकले की अडकले. काऊंटर साधारण तासभर आधी बंद होतं. मी उड्डाणाच्या पाच तास आधी घर सोडतो आणि दोन तास चहा पीत बसतो. मेट्रोचं एअरपोर्ट स्टेशन टर्मिनलच्या दारात नाही, जड बॅगा घेऊन तो विचार नको. एसटीने गेलात तर कॅमेरा मांडीवर. मे महिन्यात डिक्कीची भट्टी होते.

तपासणीला कॅमेरे, लेन्स, बॅटऱ्या, लॅपटॉप सगळं ट्रेमध्ये काढावं लागतं, त्यामुळे बॅग वरून उघडणारी बरी. एकदा जवानाने फ्लॅशचा ट्रिगर (दुरून फ्लॅश चमकवायचं यंत्र) उचलून विचारलं, “ये क्या है?” बोलत बसण्यापेक्षा फ्लॅशला लावून एकदा चमकवून दाखवला, काम झालं. त्यासाठी प्रत्येक वस्तूत एक भरलेली बॅटरी असू द्या. एक्स-रेने मेमरी कार्डं खराब होत नाहीत. विमान लहान असेल आणि गेटवर “बॅग खाली ठेवावी लागेल” म्हणाले, तर देण्याआधी बॅटऱ्या आणि पॉवर बँक काढून खिशात घ्या.

गोव्याला विमानतळ दोन आहेत, उत्तरेला मोपा आणि पलीकडे दाभोळी. पार्टीची गाडी कुठे येणार ते तिकिटाशी ताडून पाहा. दाभोळी नौदलाचा तळ आहे, तिथे खिडकीतून फोटो काढू नका. एसी खोलीतून एकदम किनाऱ्यावर गेलं की गार पडलेल्या लेन्सला दमट हवेत घाम सुटतो. अर्धा तास बॅग बंदच राहू द्या.

परतीला कार्डं माझ्या शर्टाच्या आतल्या खिशात, छोट्या डबीत, आणि दुसरी प्रत हार्ड डिस्कवर पोराच्या बॅगेत. खिशाला बटण लावून घ्या. माझ्या सगळ्या शर्टांना आईने आतून शिवून दिलंय.