ब्राझीलबाहेर राहून पांदेइरो शिकताना

ब्राझीलचं तालवादन परदेशात बसून शिकायचं असेल तर सुरुवात पांदेइरोने, म्हणजे कडेला झांजा असलेल्या डफासारख्या वाद्याने करा. सुर्दो हा मोठा ढोल फ्लॅटमध्ये वाजवता येत नाही, आणि एकट्याने वाजवून त्यात फारसं हाती लागतही नाही. पांदेइरोत मात्र खर्ज, थाप आणि झांज तिन्ही असल्यामुळे सांबाचा अख्खा ताल एका माणसाला वाजवता येतो.

वाद्य १० इंची घ्या, झांजांचे ५ संच असलेलं. १२ इंचीचा खर्ज भरदार असतो, पण नवख्याचं मनगट त्याने लवकर भरून येतं. प्रत्येक संचात दोन वाट्यांच्या मधे सपाट चकती हवी. ती नसेल तर झांज लांबत राहते आणि बारीक आघात एकमेकांत मिसळून जातात. बकरीच्या कातड्याचा आवाज सर्वांत सुंदर. मात्र हीटरच्या कोरड्या हवेत ते ताणतं आणि दमट हवेत सैल पडतं. चावीने समोरासमोरचे स्क्रू पाव-पाव फेरा फिरवा. एकाच बाजूने आवळत गेलात तर कातडं तिरकं ताणलं जातं. नको असलेली गुंज राहिली तर आतल्या बाजूने चिकटपट्टीचा छोटा तुकडा लावा.

डाव्या हाताने धरा: अंगठा कडेवर, मधलं बोट खालून कातड्याला टेकवता येईल असं. बोट टेकलेलं असेल तर आवाज बंद, सोडलं की खुला. उजव्या हाताचे एका मात्रेत चार आघात: अंगठा, बोटांची टोकं, तळहाताची टाच, पुन्हा टोकं. सगळं काम उजव्या हाताकडून करून घेतलं तर वेग वाढताच तो आखडतो. डावं मनगटही डोलू द्या: टोकांच्या वेळी वरची कड बोटांकडे यावी, टाचेच्या वेळी खालची कड तळहाताकडे.

आता सांबा. दोन मात्रांचा ताल. पहिल्या मात्रेवरचा अंगठा बंद, दुसरीवरचा खुला. सांबा पथकात सर्वांत खालच्या सुरातला सुर्दो दुसऱ्या मात्रेवर पडतो, तोच इथे अंगठ्यात येतो. समेवर जोर द्यायची सवय असलेले इथे हमखास चुकतात, म्हणून मेट्रोनोम (लयीचे ठोके देणारं यंत्र) मिनिटाला ३० ठोक्यांवर ठेवा आणि प्रत्येक टिकटिक दुसरी मात्रा माना. पहिली आपली आपण सांभाळायची. सुरुवातीला अवघड जातं, तरी पहिल्या दिवसापासून हेच करा.

खरी मेख पुढे आहे. चारही आघात समान अंतरावर वाजवले की हिशेब बरोबर येतो आणि सांबा नाहीसा होतो. तिसरा आणि चौथा आघात किंचित लवकर येतात, त्यामुळे चौथ्यानंतर जरा मोकळी जागा राहते. किती लवकर, हे कागदावरच्या नोटेशनमध्ये दिसत नाही. जुनी ध्वनिमुद्रणं लावून, चालत, आधी तोंडाने म्हणा आणि मगच हात लावा.

ऑनलाइन गुरू मिळाला तर शिकवणीच्या वेळी दोघांनी एकत्र वाजवायचा हट्ट धरू नका. व्हिडिओ कॉलवर आवाज उशिरा पोहोचतो, त्यामुळे लय जुळतच नाही. गुरूने वाजवावं, तुम्ही ऐकून रेकॉर्ड करून पाठवावं. कॅमेरा बाजूने लावा; समोरून टाच दिसत नाही आणि बहुतेक चुका तिथेच असतात. जोडीला थोडी पोर्तुगीज शिका. ब्राझीलच्या बाईया (Bahia) राज्यातल्या रेकॉन्कावो भागातल्या सांबा द रोदात, म्हणजे गोल करून रंगणाऱ्या सांबात, गाणं, टाळ्या आणि नाच एकत्रच चालतात. बशी आणि सुरी घासूनही ताल धरतात. गाण्याचे शब्द न कळता ठेका उचलला तर कुठे थांबायचं तेच समजत नाही. २००५ साली युनेस्कोने सांबा द रोदाची दखल घेतली, त्यामुळे ऐकायला साहित्यही बरंच मिळतं.

कांदोंब्ले या आफ्रिकी मुळांच्या ब्राझिली धर्मातल्या रुम, रुम्पी आणि ले या ढोलांची गोष्ट वेगळी. ते विधीचा भाग आहेत आणि मुख्य ढोल रुम हा नाचणाऱ्याच्या पावलांशी बोलतो. जरूर ऐका, पण व्हिडिओवरून उचलून मंचावर नेऊ नका. ते शिक्षण त्या देवस्थानात, तिथल्या जाणत्यांच्या परवानगीनेच घ्यायचं असतं.